ए विंगमागचा गॅसचा फुगा

तुम्ही कधी फुग्याला घाबरलाय का? मी घाबरते. वाढदिवसाच्या नाही हो, आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत ए विंगच्या मागे आहे त्या फुग्याला! घराघरांतला ओला कचरा मी आणि सुशीला गोळा करतो, निवडतो. शिळं अन्न टाकीत जातं, त्याचा गॅस होऊन फुग्यात साठतो. देठं, पालापाचोळा खताच्या खड्ड्यात. कचऱ्यासारखे इथे किस्सेही रोज साठतात. फरक एवढाच, की ते वेगळे करून द्या असं कोणी सांगत नाही.

एक आधी सांगते. गॅसचा हा प्लँट ट्रायलवर होता. काही गडबड झाली तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव करून बंद करायचा, असं ठरलेलं. प्लँट बंद म्हणजे आम्हा दोघींचं काम बंद. त्यामुळे फुगा फुटेल ही भीती होतीच, शिवाय फुगा हातचा जाईल हीसुद्धा!

*

पहिल्याच दिवशी सुशीलाने फुग्याला हळदकुंकू वाहिलं. इथपर्यंत ठीक. मग पिशवीतून उदबत्ती आणि काडेपेटी काढली. मी किंचाळलेच!

तळमजल्यावरचे नाईककाका खिडकीतून म्हणाले, "करू द्या हो पूजा. फक्त आरतीला आम्हाला धरू नका. आम्ही येरवड्याला मेहुण्याकडे असू!"

*

थंडीतली सकाळ. वॉचमन रामटेकेदादा गोंदियाकडचे. हातात पाण्याची बादली घेऊन धावत आले.

"ताई, खड्ड्यातून धूर निघून राह्यला! आग लागली जी!"

मी धावत गेले. बघते तर वाफ. कुजताना खत आतून तापतं, हे मला शिकवलेलं होतं. पण स्वतः हात घालेपर्यंत विश्वास कुठला बसायला! आत चांगलं गरम होतं. दादांनी घाबरत बोट लावलं आणि म्हणाले, "कचऱ्याले हीटर, अन् आमच्या केबिनले नाही!"

*

फुग्यातल्या गॅसवरचा पहिला चहा मी कमिटीसाठी केला. निळी ज्योत बघून मलाच भरून आलं. कप भरले, पण हात कोणी लावेना.

"तुम्ही घ्या आधी."

"छे छे, तुम्ही सीनियर."

शेवटी नाईककाकूंनी एक घोट घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतायत. काका घाबरून म्हणाले, "काय होतंय?"

"आलं घालायचं राहिलंय!"

*

हा किस्सा हसण्यासारखा नाही. भाजीच्या देठांत इन्शुलिनची सुई होती, ती सुशीलाच्या हातमोज्यातून बोटात शिरली. "ताई, कोणाची असेल?" तिचे ओठ पांढरे पडले होते. तिला दवाखान्यात नेलं, मग मी दारोदार फिरले. सगळीकडे एकच उत्तर, "आमची नाही."

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी काठी टेकत खाली आल्या. "माझी गं ती. दिसत नाही नीट, चुकीच्या डब्यात पडली. हे माझे रिपोर्ट, डॉक्टरांना दाखव." मग सुशीलाचा हात धरून म्हणाल्या, "घाबरू नकोस बाळा. मला साखर आणि सून, एवढे दोनच त्रास!"

*

मीटिंग रविवारी होती. शनिवारी दुपारी बघते तर फुगा चपटा! गॅस गेला कुठे? लीक असेल तर? "काडी ओढू नका!" म्हणून मी ओरडत सुटले.

अख्खी ए विंग जिन्याने खाली आली. दिवेलागण झाली, पण एकाही घरात देवापुढे दिवा नाही. काकू पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून शुभंकरोती पुटपुटत होत्या. काका प्रत्येकाला सांगत होते, "उद्या ठराव मी मांडतो. बॉम्ब उशाला घेऊन झोपतोय आम्ही!"

प्लँट बसवणारे साहेब फोनवर म्हणाले, "पाइपच्या जोडांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर लीक."

लावायचं कोणी? सगळे माझ्याकडे बघायला लागले. गेले मी. लांबूनच शिंपडत होते, त्यामुळे जोडापेक्षा साडीवरच पाणी जास्त. सुशीला माझा पदर धरून मागे उभी. सगळे जोड बघितले, एकही बुडबुडा नाही!

"म्हणजे गॅस तयारच होत नाहीये," साहेब म्हणाले. "टाकीतले गॅस करणारे जंतू मेलेत. कचऱ्यात कोणी काही केमिकल टाकतंय का?"

फोन स्पीकरवर होता. मग काकूंनी हळूच विचारलं, "फिनेल चालत नाही का? कचऱ्याच्या बादलीला वास नको म्हणून आम्ही रोज टाकतो. अख्खी विंग टाकते. अहो, तुम्हीच नाही का ग्रुपवर मेसेज टाकलात?"

काका चपलेकडे बघत राहिले.

साहेब सांगत होते, टाकी उपसून ताजं शेण घाला, त्यात नवे जंतू असतात, मग हळूहळू सुरू होईल. "आता शेण कुठून आणायचं?" सुशीला रडवेली झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मीटिंगच्या आधी, नाईककाका इस्त्रीचा शर्ट घालून, स्कूटरवर पायांत शेणाचं पोतं धरून, लोणी काळभोरहून परत आले.