लाकूड वाजलं पाहिजे

रेनो पेल्तिएचा सरपणाचा ट्रक तिसऱ्यांदा अंगणातून भरलेलाच परत निघाला, तेव्हा ल्युमिनाने हातातला बटाटा अर्धवट सोललेला ठेवला आणि खिडकीतून नवऱ्याकडे पाहिलं. ओनेझिम पाठमोरा उभा होता. दोन्ही हात कमरेवर, टोपी मागे सारलेली. टोपी मागे सारली म्हणजे स्वारी स्वतःवर खूश. सत्तेचाळीस हिवाळे ती ही टोपी बघत आली होती.

"काय झालं?" तो आत आल्यावर तिने विचारलं.

"ओलं आहे."

"रेनो म्हणाला ओलं आहे?"

"मी म्हणालो. रेनो कसा म्हणेल? रेनो विकणारा!"

"अरे पण त्याने ते खास आणलं होतं. दोन वर्षं छपराखाली ठेवलेलं मेपल. स्वतःच्या आईसाठी ठेवलं होतं त्याने!"

"मग त्याच्या आईची मला काळजी वाटते," ओनेझिम म्हणाला आणि बूट काढायला बसला.

ऑक्टोबरची बारा तारीख होती. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे नदीपलीकडे कॅनडा दिसतो, तिथे ऑक्टोबरची बारा तारीख ही काही लाकूड नाकारायची तारीख नव्हे. बटाट्याची शेतं कधीच उकरून झाली होती. शेजाऱ्यांच्या तळघरांत सरपण छताला टेकलं होतं. ओनेझिम आणि ल्युमिना सिरवांच्या तळघरात मात्र एक सायकल, लोणच्याच्या बरण्या आणि भरपूर मोकळी हवा होती.

आणि ल्युमिनाच्या डोक्यावर मुरिएलची अट टांगलेली होती. मुरिएल त्यांची एकुलती एक मुलगी, दूर दक्षिणेला पोर्टलंडला राहणारी. तिने उन्हाळ्यातच बजावलं होतं, "ममा, एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणापर्यंत आठ कॉर्ड लाकूड तळघरात रचलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर या हिवाळ्यात तुम्ही दोघं माझ्याकडे. मी गाडी घेऊन येते, पपांना काय ओरडायचं ते ओरडू दे." एक कॉर्ड म्हणजे चार फूट उंच, चार फूट रुंद आणि आठ फूट लांब रचलेला ढीग.

गेल्या वर्षी ओनेझिमच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर ते तीन आठवडे मुरिएलच्या फ्लॅटमध्ये राहिले होते. भिंतीवर बोटाएवढं बटण. फिरवलं की ऊब. ओनेझिमला करायला काहीच उरलं नाही. तीन आठवडे तो घरभर हिंडून जावयाचं फर्निचर बोटाने ठोकत होता आणि दर वेळी "भुसा!" असं जाहीर करत होता. जेवणाच्या टेबलाला तो भुसा म्हणाला तेव्हा जावई जेवत होता. असा एक आख्खा हिवाळा? पाच महिने, एका खोलीत, या माणसाबरोबर? ल्युमिनाचं नवऱ्यावर प्रेम होतं, पण ते मधे निदान एक अंगण असल्याच्या अटीवर.

खरं तर ओनेझिम सिरवाच्या घरी लाकूड विकत येणं हीच नामुष्की होती. हा माणूस दोन वर्षं पुढे राहणारा. या वर्षी जाळायचं ते तळघरात, पुढच्या वर्षीचं छपरीत, त्याच्या पुढच्या वर्षीचं अंगणात उन्हाला. पण शस्त्रक्रियेमुळे एक वसंत कुऱ्हाडीविना गेला, दुसऱ्या वसंतात डॉक्टरने कुऱ्हाडीकडे बघायलाही मनाई केली आणि शिल्लक जळून गेली. उरलं होतं ते छपरीतलं दोन कॉर्ड ॲशचं लाकूड, त्याने स्वतः फोडलेलं. बाकी सहा विकत.

आणि विकत घ्यायचं तर ठोकून.

ओनेझिमचं ठोकणं खोऱ्यात प्रसिद्ध होतं. दोन ढलप्या उचलायच्या, डोळे मिटायचे, कानाजवळ नेऊन एकमेकींवर आपटायच्या. वाळलेलं लाकूड टण्ण वाजतं आणि ओलं बद्द. नवीन संसार मांडणारी पोरं लाकूड घ्यायच्या आधी त्याला गाडीत घालून न्यायची. "ओनेझिमकाका, जरा ऐका ना." काका ऐकायचे आणि निकाल द्यायचे. बाकीच्या परीक्षा त्याला मान्य नव्हत्या. टोकाच्या चिरा? "चार दिवस ऊन लागलं की ओल्यालाही पडतात." वजन? "पॉप्लर भिजलं तरी हलकं. पॉप्लर म्हणजे लाकूड नाही, उंच वाढलेलं गवत." साल सुटते का? "साल माझीही सुटते."

हा नुसता हेकेखोरपणा नव्हता, हे ल्युमिनाला ठाऊक होतं. तो नऊ वर्षांचा असताना त्याच्या काकांच्या धुराड्याला आग लागली होती. ओलं लाकूड जाळून जाळून आत चिकट काजळीचा थर बसलेला, तो एका दुपारी पेटला. काका वाचले, घर गेलं. बर्फात उभ्या असलेल्या काकूच्या हातात फक्त एक किटली होती, एवढं तो कधीतरी सांगायचा. म्हणून ल्युमिना दर वर्षी त्याचं ठोकणं मुकाट्याने सहन करायची. पण यंदा ऑगस्टपासून त्याने बर्च नाकारलं, बीच नाकारलं आणि आता रेनोच्या आईचं मेपल.

संध्याकाळी मुरिएलचा फोन आला.

"ममा, लाकूड आलं?"

"आलं ना."

"तळघरात?"

"अंगणापर्यंत," ल्युमिना म्हणाली. हे शब्दशः खरं होतं. परत गेलं हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओनेझिम छपरीतून आला तो चेहरा पाडून.

"छप्पर गळतंय."

"कुठे?"

"सगळीकडे. माझं ॲशसुद्धा ओलं झालंय."

ल्युमिनाने चुलीवरची प्लॉय, म्हणजे तिकडचं कुट्टूच्या पिठाचं धिरडं, तशीच ठेवली, ती करपली, तिच्या नावाने दोन शब्द बोलून ती नवऱ्याच्या मागून छपरीत गेली. छप्पर मागच्याच वर्षी नवं केलेलं. खाली धूळ, कोळ्यांची जाळी, आणि खडखडीत कोरडी जमीन. तिने ॲशची एक ढलपी उचलली. बिस्किटासारखी हलकी.

"म्हाताऱ्या, ही ओली?"

त्याने तिच्या हातातून घेतली, दुसरी उचलली, डोळे मिटले, ठोकली. "ऐक. बद्द."

ल्युमिनाला तर चांगलं खणखणीत ऐकू आलं. पण लाकडाच्या बाबतीत या घरात तिचं मत कुणी विचारलं नव्हतं. पन्नासेक वर्षं तेच लाकूड चुलीत घालून तिने हजारो प्लॉय भाजल्या, कुठलं लाकूड किती वेळात कुठली भाकर फुगवतं हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण ते स्वयंपाकाचं ज्ञान. लाकडाचं ज्ञान वेगळं, ते टोपी घालणाऱ्यांना असतं.

ती ढलपी घेऊन आत आली आणि चुलीत टाकली. सूं नाही, फेस नाही. ढलपीने लगेच पेट घेतला.

"बघ!" ती म्हणाली.

"चूल आधीच तापलेली होती," ओनेझिम म्हणाला.

या उत्तरावर हातातला झारा भिंतीवर मारावा असं तिला वाटलं. मारला नाही, कारण झारा चांगला होता. टेबलाशी बसून तिने थंड झालेला चहा प्यायला घेतला आणि रागाने कप बशीवर आदळला. टण्ण. ओनेझिमने ढुंकून पाहिलं नाही. एरवी कप आदळला की "माझ्या आईचा सेट आहे तो" असं म्हणायचा. ते त्याने शेवटचं कधी म्हटलं होतं?

आणि मग तिला चर्चची घंटा आठवली. ऑगस्टमध्येच ओनेझिमने फादरना फाटकात गाठून सांगितलं होतं, "घंटेला तडा गेलाय, आवाज बसलाय." बिचारे फादर सत्तर पायऱ्या चढून टॉर्चने घंटा तपासून आले होते. तडा सापडला नव्हता. त्यावर "फादरना डोळे तपासायला हवेत," असं ओनेझिम म्हणाला होता.

ल्युमिनाने चहा खाली ठेवला.

स्वयंपाकघराची खिडकी वर सरकवून उघडायची; तिला वर धरून ठेवणारी दोरी मुरिएल पाळण्यात होती तेव्हा तुटली. दोरी बदलण्याऐवजी ओनेझिमने मेपलची एक ढलपी फोडून अर्धी खिडकीला टेकू दिली होती आणि उरलेली अर्धी डगमगत्या कपाटाखाली सरकवली होती. "तात्पुरतं," असं म्हणून. त्या दोन्ही अर्ध्या ढलप्या चाळीस-पंचेचाळीस वर्षं चुलीच्या उबेत बसून होत्या. ल्युमिनाने कपाट खांद्याने उचलून एक काढली. दुसरी ओढली तशी खिडकी धाडकन पडली. दोन्ही तिने छपरीतल्या ॲशबरोबर टोपलीत टाकल्या आणि टोपली त्याच्यासमोर आणून आपटली.

"ही रेनोच्या गोठ्यामागची. शेवटचं बघ. नंतर मी विचारणार नाही."

त्याने हातमोजे घातलेलेच होते. वरच्या दोन उचलल्या, डोळे मिटले, ठोकल्या. पुन्हा ठोकल्या.

"पाण्यात बुडवून आणलंय की काय रेनोने?"

"ओनेझिम," ती हळू म्हणाली, मग लक्षात येऊन मोठ्याने म्हणाली, "डोळे उघड! ती खिडकीची आहे. ती तू लावलीस. मुरिएलला दात यायच्या आधी!"

त्याने हातातल्या ढलप्यांकडे पाहिलं. एकीवर खिडकीच्या चौकटीने पाडलेली खाच होती. चाळीस वर्षं तो रोज ती बघत होता. त्याने पुन्हा ठोकलं. उजव्या कानाशी. डाव्या कानाशी. मग हातमोजे काढले आणि उघड्या हातांनी ठोकलं, जणू दोष हातमोज्यांचा असावा.

"तू ठोक," तो शेवटी म्हणाला.

तिने ठोकलं.

"काय आलं?"

"टण्ण."

तो बराच वेळ टोपीशी चाळा करत राहिला. टोपी पुढे आली, अगदी भुवयांपर्यंत. ल्युमिनाला तिथल्या तिथे हसू आणि रडू दोन्ही येत होतं आणि वर रागही. सत्तेचाळीस वर्षं हा माणूस तिचं ऐकत नव्हता! त्यातली शेवटची किती वर्षं त्याला खरोखर ऐकू येत नव्हतं, हे कुणाला कसं कळणार? फरक कळायला तो आधी कधी ऐकत तरी असायला हवा होता ना!

"मुरिएलला सांगू नकोस," तो म्हणाला.

"वसंतात कानाच्या डॉक्टरकडे येशील तर नाही सांगणार."

"कुठे?"

"कानाच्या डॉक्टरकडे!!"

"ओरडतेस कशाला?"

आता रेनोला परत आणायचं काम उरलं. फोनवर रेनो गरम होता. "ल्युमिनाकाकू, तुमच्यासाठी जीव देईन, पण त्या अंगणात ट्रक घालणार नाही. माझ्या लाकडाला काका काय म्हणाले माहिती आहे? स्पंज! आणि ते सगळीकडे गेलं. परवा दुकानात मला एकाने विचारलं, स्पंज कसा दिलास!"

"कोंबडीचा रस्सा करते आहे."

"प्लॉय असतील?"

"ढीगभर."

"शनिवारी येतो," रेनो म्हणाला. "पण ठोकणार असतील तर मी ट्रकमध्येच बसणार."

शनिवारी हवेत बर्फाचा वास होता. रेनो काचा वर करून ट्रकमध्येच बसला. ओनेझिम ट्रकच्या मागच्या फळीपाशी जाऊन मोठ्याने म्हणाला, "आज ल्युमिना ठोकेल. माझा खांदा दुखतोय." रेनोने काच खाली केली. हे बघण्यासारखं होतं.

ल्युमिनाने सहा कॉर्डांतून हाताला लागतील त्या दोन ढलप्या घेतल्या आणि ठोकल्या.

"टण्ण."

"टण्ण की नुसतं टण?"

"टण्ण!"

"शेवट लांबतो का?"

"लांबतो रे बाबा, लांबतो!"

"पुढची."

तिला वाटलं होतं चार-पाच ठोकून सुटका. पण स्वारी ट्रकच्या वरून, मधून, तळातून वेचून काढायला लागली. तिचे दोन्ही हात गारठले. रस्त्यावरून जाणाऱ्या शेजारच्या अल्मेदाने गाडी हळू करून पाहिलं, तर ल्युमिना सिरवा नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन जिवाच्या आकांताने "टण्ण! टण्ण!" ओरडते आहे. अल्मेदाने छातीवर क्रुसाची खूण केली आणि गाडी पुढे नेली.

चाळिसावी का एक्केचाळिसावी जोडी ठोकली, आणि ल्युमिनाचे हात थांबले.

बद्द.

एक ढलपी जड होती, साल घट्ट. कुठूनतरी मधेच मिसळलेली. ल्युमिना टण्ण म्हणाली असती तर दहा मिनिटांत सगळं तळघरात, मुरिएल पोर्टलंडला, रस्सा ताटात. रेनो तिच्याकडे बघत होता. ओनेझिम तिच्याकडे बघत होता, डोळे उघडे ठेवून, तिच्या तोंडाकडे. अशा नजरेने त्याने तिच्याकडे शेवटचं कधी पाहिलं होतं, हे आठवायचा तिने प्रयत्न केला आणि सोडून दिला. तिला किटली घेतलेली काकू आठवली.

"बद्द," ती म्हणाली.

"काय?"

"बद्द!"

ओनेझिमचा चेहरा असा उजळला की जणू त्याला लॉटरी लागली. टोपी मागे गेली. ती ढलपी त्याने डोक्यावर धरून रेनोला दाखवली. "बघ! सांगत होतो की नाही! दोन महिने सांगतोय!"

"एक आहे काका! अख्ख्या ट्रकात एक!"

"आग एकापासूनच लागते!" काका म्हणाले, आणि खाली वाकून पहिली ढलपी तळघराच्या खिडकीतून आत टाकली. मग दुसरी. खांद्याला काहीही झालेलं नव्हतं.

शेवटच्या रांगा त्यांनी सर्व संतांच्या सणाच्या आदल्या सकाळी रचल्या. मुरिएलचा फोन आला तेव्हा ल्युमिना म्हणाली, "तळघरात. छताला टेकलंय." आणि या वेळी पुढे काहीही जोडावं लागलं नाही.

"पपा कसे आहेत?"

"आहे तसाच," ल्युमिना म्हणाली आणि वळून पाहिलं. ओनेझिम स्वयंपाकघरात होता. कपाटाखाली त्याची जुनी ढलपी परत बसली होती, पण खिडकी उघडी होती, गार वारा सरळ चुलीवर येत होता, आणि टेकूला ती रेनोची ओली ढलपी उभी होती. चौकटीवर तिच्या बुडाशी ओल उमटली होती.

"हे काय आता? अरे, थंडीत खिडकी कशाला?"

"वाळायला ठेवलीय," तो म्हणाला. "दोन वर्षांनी ठोक. आणि तेव्हा सांग मला, लांबतं का ते."