उजवा कौल

दत्तारामने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गावचे रस्ते केले. रेडीपासून वैभववाडीपर्यंत त्याने खडी पसरली, डांबर ओतले. त्याच्या स्वतःच्या वाडीत मात्र पाऊस लागला की रिक्षा पाणंदीच्या तोंडाशीच थांबायची आणि आजारी माणसाला खुर्चीत बसवून तिथवर उचलून न्यावे लागायचे. म्हणून पाडलेल्या जुन्या शाळेच्या मलब्याची खडी करून, ती डांबरात मिसळून वाडीचा रस्ता करून बघायचे ठरले, तेव्हा मुकादमकी त्याने मागून घेतली.

"मोडक्या शाळेचो रस्तो!" वाडीतला महादू हसला. "त्येच्यावरसून जो चलतलो तो नापास जातलो."

"शाळा उभी होती तेव्हा तरी तू पास झालं होतंस काय रे? तुका कसली भीती!" दत्ताराम म्हणाला.

कामावरची इंजिनीअर तेजस्वी त्याच्या मुलीच्या वयाची. तिने फोनवर बजावले, "काका, खडी करायच्या आधी कौल बघून घ्या. गडबड दिसली तर मला काम थांबवावं लागेल."

दत्ताराम भारावला. पोरगी एवढी शिकलेली, पण रीत विसरली नाही! आंघोळ करून तो सातेरीच्या देवळात गेला. गुरवाने गाऱ्हाणे घातले, देवीला पाकळ्या लावल्या. उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार मिळाला. त्याने खुशीत सगळा मलबा यंत्रात घालून घेतला.

दुसऱ्या दिवशी तेजस्वी आली. "कौल बघितलं होतं ना?"

"होय म्याडम. उजवो पडलो."

"उजवो?" ती त्याच्याकडे बघतच राहिली. "अहो काका, मी छपरावरच्या कौलाचं म्हणत होते! भाजलेली माती ती. डांबर पिऊन टाकते आणि रोलरखाली तिचा भुगा होतो. तुकडे जास्त निघाले तर हा ढीग वापरता येणार नाही."

ढीग गेला म्हणजे यंदाचा रस्ता गेला. तेजस्वीने ढिगाच्या निरनिराळ्या जागची खडी ताडपत्रीवर पसरली आणि दोघे लाल तुकडे शोधू लागले. बराच वेळ झाला तरी मूठभरही जमेनात.

एवढ्यात त्याची बायको जानकी चहा घेऊन आली. "काय हरवला?"

"कौलांचे तुकडे शोधतंव."

"ते हय खंय गावतले? शाळा मोडली त्याच दिवशी अख्ख्या वाडीन उचलून नेल्यान. बरी कौलां आपल्या गोठ्यार आसत, फुटकी दारातल्या चिखलात घातलंय."

"आणि माका सांगूक नाय?"

"तुमका कित्याक सांगू? तुमी लगेच सरकारी माल म्हणान बोंब मारतल्यात."

तेजस्वीने तोंडावर ओढणी धरली. "हे मी ऐकलं नाही हं, काकी." मग तिने ताडपत्रीवरची खडी पुन्हा एकदा वरखाली केली. "एवढ्याशा तुकड्यांनी काही होत नाही. उद्या डांबर मागवा, काका."

दत्ताराम तिथेच दगडावर बसला आणि कढत चहा एका घोटात प्यायला. जीभ भाजली, पण ते त्याला घरी जेवताना कळले.

"आता देवीक नारळ ठेवा," जानकी वाढता वाढता म्हणाली.

"ठेवतंय गो. पण वाडीतल्या चोरांकाय एकेक द्यूक होयो."