तेवढी एक जागा

मावशी आमच्या ऑफिसात यायच्या त्या चपला दाराबाहेर काढून. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून अर्ज काढायचा, टेबलावर ठेवून तळहाताने दोनदा सपाट करायचा आणि म्हणायचं, "पोरगी हुशार हाय, भाऊसाहेब. तेवढी एक जागा बघा."

मी नाशिकच्या एका सरकारी नर्सिंग शाळेत कारकून होतो. मावशी शेजारच्याच इस्पितळात आया. मूळच्या पेठकडच्या डोंगरातल्या. नव्वदच्या दशकात दरवर्षी जूनमध्ये त्या गावाकडची एखादी बारावी झालेली मुलगी घेऊन हजर व्हायच्या. घाटातून आलेल्या मुलीला बस लागलेली असायची. मावशी आधी तिला पाणी पाजायच्या, मग माझ्यासमोर उभी करायच्या. "सरळ उभी राय. सिस्टर व्हायचं ना तुला?"

जागा होत्या वीस. अर्जांचा तो गठ्ठा तुम्ही पाहिला असतात, तर तुम्हीही मान फिरवली असती. शिक्षण फुकट, वर विद्यावेतन, राहायला वसतिगृह. जिल्हाभरातून मुली यायच्या. जागा वाढवा म्हणून आमच्या प्राचार्यबाई दरवर्षी प्रस्ताव पाठवत. 'निधी उपलब्ध नाही' एवढ्या एका ओळीसह तो परत येई. मी हे मावशींना समजावून सांगे. त्या सगळं ऐकून घेत आणि विचारत, "वार्डात साठ पेशंट आन् सिस्टर एकली. मंग ह्या पोरी नको कुणाला?"

मी फायली चाळायला लागे.

इतक्या वर्षांत त्यांनी आणलेल्यांपैकी दोन मुली लागल्या. दोन्ही वेळा मावशींनी शिपायापासून प्राचार्यबाईंपर्यंत सगळ्यांना नागलीचे पापड वाटले. एक पापड मोडका निघाला तर तो स्वतःला ठेवला.

मग त्यांच्या बहिणीची मुलगी आली, यमुना. आईबाप गेलेले, मावशींनीच वाढवलेली. यादी लागली तेव्हा यमुनाचं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं होतं. मावशींना वाचता येत नव्हतं. "पयलं हाय ना?" एवढंच त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मी हो म्हणालो. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

आणि काय सांगू, जागा रिकामी झाली! मनमाडच्या एका मुलीला डी.एड.ला प्रवेश मिळाला आणि ती सामान घेऊन गेली. प्रवेशाची मुदत संपायला चार दिवस होते. जागा भरायला मुंबईच्या वरिष्ठ कार्यालयाची परवानगी लागे. मी लगेच पत्र टाइप केलं, सही घेतली आणि पोस्टाने पाठवलं. मध्ये दोन सुट्ट्या आल्या. उत्तर आलं ते मुदत उलटल्यावर: आता जागा भरता येणार नाही.

मी स्वतः पत्र घेऊन मुंबईला गेलो असतो तर? सकाळची गाडी होती. मला सुचलंच नाही. अजून दाढी करताना मध्येच ते आठवतं आणि हात थांबतो.

मावशी त्यावर एकदाच बोलल्या. "वसतिगृहात खाट रिकामी हाय. मी आत्ता बघून आले. मंग?"

"मुदत संपली, मावशी."

"आस्सं," त्या म्हणाल्या. चपला घालून निघून गेल्या.

पुढच्या जूनच्या यादीत यमुना बसली नाही. पुढे हायवेला खाजगी कॉलेजांच्या मोठमोठ्या पाट्या लागल्या. मावशी यमुनाला घेऊन एका ठिकाणी चौकशीला गेल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, "तिथं जागा लय हायेत, भाऊसाहेब. आपल्यासाठी नायेत." तोवर आमच्या शाळेसाठीची यमुनाची वयोमर्यादाही उलटली होती. ती एका छोट्या दवाखान्यात लागली. पांढरा कोट घातला; इंजेक्शनं, सलाइन, सगळं बघून बघून शिकली. पेशंट तिला सिस्टर म्हणत. कागद मात्र कुठलाच नव्हता.

मावशी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी आजारी पडल्या आणि आपल्याच जुन्या वॉर्डात दाखल झाल्या. मी भेटायला गेलो. यमुना उशाशी होती. बोलता बोलता सलाइनची बाटली संपली. यमुना उठली, तिचा हात नळीकडे गेला.

"नको," मावशी म्हणाल्या. "हितं चालत नाय. तुझ्यावर येईल."

मी सिस्टरला शोधायला धावलो. ती पलीकडच्या वॉर्डात अपघाताच्या पेशंटपाशी होती. "एकटी आहे हो मी. आलेच!" परत आलो तर नळीत रक्त चढलेलं, आणि यमुना स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसलेली.

"येईल ती," मावशी मलाच समजावत होत्या. "एकली हाय बिचारी."

तिसऱ्या दिवशी मावशी गेल्या. मी पोहोचलो तेव्हा सिस्टर डॉक्टरांना बोलवायला गेली होती. यमुना मावशींच्या हातावरची चिकटपट्टी हलकेच सोडवत होती, कातडी ओढली जाऊ नये अशी. मग तिने सुई काढली, कापूस दाबला आणि धरून ठेवला. आता तिला कुणी नको म्हणत नव्हतं.