ड्यूकचे ओठ

मी एका म्युझियममध्ये केमिस्ट आहे. नागपूरला एम.एस्सी. करून इथे अमेरिकेत पीएच.डी.ला आले तेव्हा औषधांच्या कंपनीत लागेन असं घरच्यांना वाटत होतं, आणि मलाही. त्याऐवजी गेली वीस वर्षं जुन्या चित्रांच्या रंगांत काय काय मिसळलंय ते शोधते आहे. वेस्ट विंडसरमधल्या आमच्या ओळखीच्या एक काकू अजूनही विचारतात, "म्हणजे तू पेंटिंग शिकवतेस का?"

या कामात मला आणलं ते आमच्या मुख्य रिस्टोररनं. जुनी चित्रं स्वच्छ करणं, दुरुस्त करणं हे तिचं काम. तिथे सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारत. माझ्या तोंडून आईच्या वयाच्या बाईचं नाव निघेना. समोर असताना मी नाव टाळायचे आणि मनात त्यांना 'बाई' म्हणायचे. शाळेतल्या बाईंसारख्या बाई. चित्र आलं की पहिला अर्धा तास कुठल्याही यंत्राला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, हे त्यांनी मला शिकवलं. माझी मुलगी दिवस भरण्याआधी जन्मली आणि पाच आठवडे काचेच्या पेटीत होती, तेव्हा बाई दिवसाआड हॉस्पिटलला येऊन माझ्या शेजारी बसत. फारसं बोलत नसत. माझं इथे रक्ताचं कुणीच नव्हतं, आणि त्या येत होत्या.

बाईंचं नाव झालं होतं ते एका चित्रामुळे. इटलीतल्या एका छोट्या संस्थानाच्या ड्यूकचं, लाकडी फळीवर काढलेलं, पाचशे वर्षांपूर्वीचं चित्र. काढणारा त्याच्याच दरबारचा चित्रकार, आयुष्यभर त्याचंच अन्न खाल्लेला. ड्यूक क्रूर होता, सख्ख्या चुलतभावांना त्यानं फासावर दिलं होतं. पण चित्रातला चेहरा थकलेला, जवळजवळ हळवा. ओठ किंचित विलग, आता काहीतरी कबूल करेल असे. बाईंनी तरुणपणी वार्निशचे काळवंडलेले थर काढले आणि हा चेहरा जगाला दिसला. मग अभ्यासकांनी लिहिलं, की बघा, मालकाच्या दगडी मुखवट्याआडचा माणूस दाखवायची हिंमत या चित्रकारानं केली. आमच्या म्युझियमच्या पिशव्यांवरसुद्धा तोच चेहरा आहे.

बाई निवृत्त झाल्यावर तीन वर्षांनी ते चित्र एका मोठ्या प्रदर्शनासाठी बाहेरगावी जायचं ठरलं. पाठवण्याआधी त्याची पूर्ण तपासणी करायची होती आणि ती माझ्याकडे आली. आमचं स्कॅनर चित्रावरून इंचाइंचानं सरकतं आणि कुठे शिसं आहे, कुठे तांबं, याचे नकाशे काढतं. चित्रात नसेलच असं वाटतं तेही आम्ही शोधतो. टायटेनियम त्यातलं. टायटेनियम असलेला पांढरा रंग विसाव्या शतकाआधी कुणाकडेच नव्हता, त्यामुळे तो नकाशा पूर्ण काळा यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी नकाशा स्क्रीनवर उमटला. काळ्याभोर चौकोनात फक्त दोन ओठ आणि हनुवटीचा तुकडा पांढरे चकाकत होते.

दुरुस्तीत नवा रंग लावतात, त्यात गैर काही नाही. मात्र त्याची नोंद ठेवतात. मी जुनी फाइल काढली. बाईंच्या रेखीव अक्षरात लिहिलेलं होतं : चेहऱ्यावर कुठेही हानी नाही. सफाईआधीच्या फोटोंचं पाकीट जागच्या जागी होतं आणि रिकामं होतं.

चार दिवस मी कुणाला काही सांगितलं नाही. शनिवारी गाडी काढून बाईंकडे गेले. तासाभराच्या अंतरावर त्या एकट्या राहत. हृदय पार थकलं होतं, नाकाला ऑक्सिजनची नळी होती. चहा मात्र त्यांनीच केला, मला उठू दिलं नाही. मी नकाशाचा कागद टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"यंत्र चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं, अगदी शांतपणे. उद्घाटनाची तारीख जवळ आली होती. द्रावण जरा तीव्र घेतलं गेलं. ओठांवरून कापसाचा बोळा फिरवला आणि तो गुलाबी झाला. वार्निशनं बोळा पिवळा होतो, तपकिरी होतो. गुलाबी होतो तेव्हा तो रंग असतो, पाचशे वर्षांचा. तिथेच थांबायला हवं होतं. पण खात्री करायला त्यांनी दुसरा बोळा फिरवला. कळेपर्यंत तोंड गेलेलं होतं. त्या काळात त्या विभागात बाईमाणूस त्या एकट्याच होत्या. चूक कळली असती तर दुसऱ्या दिवशी घरी बसावं लागलं असतं. आठ दिवस दार लावून त्यांनी ते तोंड पुन्हा रंगवलं आणि फोटो घरी आणून जाळले.

मूळचे ओठ कसे होते, मी विचारलं.

"मिटलेले. एक रेघ, सुरीनं ओढल्यासारखी. मला ती परत जमेना. दरवेळी ओठ मऊच यायचे. शेवटी तसेच राहू दिले."

लोक त्याला चित्रकाराची हिंमत म्हणू लागले तेव्हा काय वाटलं, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. त्यांनी एकच गोष्ट मागितली. डॉक्टरांनी काही महिनेच सांगितले होते. तेवढे जाऊ दे, मग काय लिहायचं ते लिही. मी हो म्हटलं. त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं.

घरी येऊन नवऱ्याला सांगत होते. मुलगी जेवता जेवता ऐकत होती. ती म्हणाली, "सो शी लाइड. अँड नाउ यू आर लाइंग फॉर हर?" पंधरा वर्षांची होती. मी तिला म्हटलं, तू दूध पी.

तीन आठवडे मी रिपोर्ट लांबवला. कधी यंत्र बिघडलं, कधी नकाशे पुन्हा काढायला हवेत. मग डायरेक्टरनी मीटिंग बोलावली. प्रदर्शनवाले ड्यूकचा चेहरा पोस्टरवर घेणार होते. डायरेक्टरनी सहज विचारलं, कागदावर पेन ठेवून, दुसरीकडे बघत : "चेहरा मूळचाच आहे ना?"

त्या मीटिंगमध्ये हो म्हटलं असतं तर माझ्या सहीचा अर्थ उरला नसता. मी नाही म्हटलं. मग पुढचा तासभर बोलावंच लागलं.

बाईंना आधी मीच सांगायला हवं होतं. संध्याकाळी फोन करू म्हणून मी ट्रेनमध्ये बसले, घरी आले, कुकर लावला, आणि फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना म्युझियमचा ईमेल गेला. दुपारपासून मी करत राहिले, त्यांनी उचलला नाही. पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. एकदा दारापर्यंत गेले. आतल्या नर्सनं बाहेर येऊन सांगितलं, त्यांना बरं नाही, त्या भेटणार नाहीत. खिडकीतून त्यांच्या खुर्चीची पाठ दिसत होती.

दोन महिन्यांनी त्या गेल्या. श्रद्धांजलीच्या सभेला जेमतेम अकरा-बारा माणसं होती. ज्यांना त्यांनी हाताला धरून शिकवलं होतं त्यांतले बरेच फिरकले नाहीत. त्यांच्या बहिणीनं माझ्याशी हात मिळवला, आभार मानले आणि मग मी कोण ते विचारलं. मी म्हटलं, त्यांच्याबरोबर काम करायचे.

चित्र प्रदर्शनाला गेलंच नाही. कमिटीनं ठरवलं की नंतरचा रंग काढून मूळचं जे उरलं असेल ते दाखवायचं. नव्या रिस्टोररनं तो काढला, मी शेजारी उभी होते. खाली उघडी फळी निघाली, रंगाआधी फळीला लावतात ती थोडी पांढरी माती, आणि डाव्या कोपऱ्यात त्या सरळ रेघेचा नखाएवढा तुकडा. बाकी काही नाही. तोंड नसलेला राजा भिंतीवर लावावा असं कुणालाच वाटेना, म्हणून तो तळघरातल्या कपाटात गेला.

मागच्या वर्षी वेबसाइटसाठी त्या चित्राची माहिती पुन्हा लिहायची वेळ आली. हानीचं कारण एका वाक्यात द्या, असा मला निरोप आला. बाईंचं नाव सगळ्यांना माहीत होतं, फाइलमध्येही होतं. मी लिहिलं, "पूर्वीच्या सफाईत झालेली झीज." कुणी हरकत घेतली नाही. वाक्य तसंच गेलं.