दिवा न लागलेला टच

पद्मा पंचांशी भांडायची, पण उलट्या बाजूने. तलवारबाजीत टोक लागले, म्हणजे टच झाला, की मशीनवर दिवा लागतो आणि गुण मिळतो. आमच्या सोलापूरच्या हॉलमध्ये टोक फरशीवर आपटले तरी दिवा लागायचा. पंच तिला गुण देऊन मोकळे व्हायचे आणि ही मास्क वर करून म्हणायची, “सर, जमिनीला लागलं.” पंच म्हणायचे, दिवा लागलाय. ती म्हणायची, “दिव्याला काय कळतंय?” जिल्ह्याच्या एका फायनलमध्ये स्वतःचा गुण परत करण्यासाठी वाद घातल्याबद्दल तिला पिवळे कार्ड मिळाले होते.

माझे अशोक चौकात मिक्सर-इस्त्री दुरुस्तीचे दुकान आहे. नववीत असताना ती शाळेची तलवार घेऊन आली आणि म्हणाली, “मामा, ह्याच्यातली वायर तुटली हाय, जोडून द्या की.” पात्याच्या खाचेतून केसाएवढी वायर जाते. टोकाला बटण असते आणि ते तिळाएवढ्या दोन स्क्रूंनी धरलेले असते. मी वायर जोडली. पुढची बारा वर्षे तिची प्रत्येक तलवार माझ्या हातून गेली. ती कोरियाला गेली, कझाकस्तानला गेली, हंगेरीत दोन महिने राहून आली. येताना इतरांना चॉकलेट आणि मला स्क्रूची पुडी आणायची. एअरपोर्टवर पिशवीत काय आहे असे विचारले की सांगायची, “तलवारी हायत, पण कापत न्हाईत.” तेवढ्यावर तिला तासभर बसवून ठेवायचे.

तिचे वडील व्यंकटेशअण्णा टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात. घरी तेलुगू बोलतात, म्हणून ती त्यांना नान्ना म्हणते. आमचा रोजचा चार वाजताचा चहा एकत्र असायचा.

आशियातल्या एका मोठ्या स्पर्धेला निघायच्या आदल्या दिवशी तिच्या तलवारीचा एक स्क्रू आटे गेलेला निघाला. पुडी संपली होती. मी तोच स्क्रू बसवला आणि हलू नये म्हणून त्यावर बायकोचे लाल नेलपॉलिश लावले. मिक्सरमध्ये असे बरेच काही चालते. तिला मी सांगितले नाही. सांगितले असते तर तिने ती तलवार घरी ठेवली असती, आणि माझ्या कामात खोट निघाली असती.

सामन्याआधीच्या तपासणीत तलवार पास झाली. पंधरा गुणांच्या सामन्यात चौदा-चौदाला तिचे टोक समोरचीला लागले. दिवा लागला नाही. पंचांनी तलवार तपासली, बटणाचा स्क्रू ढिला होऊन ती बंद पडली होती. दिवा नाही तर गुण नाही, असा नियमच आहे. तिने दुसरी तलवार घेतली आणि पुढचा टच हरली. जिंकली असती तर पदक नक्की होते. त्यानंतर तिची संघात निवड झाली नाही.

हे मला तिच्यासोबत गेलेल्या एका खेळाडूकडून कळले; घरी तिने एवढेच सांगितले की हरले. अण्णांनी उरलेले स्वतःच ठरवले. सहा वर्षे ते चहाच्या टपरीवर म्हणत राहिले, “शेवटच्याला घाबरली पोरगी.” मी शेजारी बसून ऐकायचो. एकदा तर मी मान डोलावली. हे लिहिताना अजून लाज वाटते.

यंदा तिला पुण्यात प्रशिक्षकाची नोकरी लागली. ती निघायच्या दिवशी सकाळी मी तिला स्क्रूचे सगळे सांगितले. ती बूट पिशवीत भरत होती.

“ठाऊक हाय,” ती म्हणाली. “बटणाला लाल रंग लागलेला. मामीचं नेलपॉलिश मी ओळखते की.”

मग अण्णांना का सांगितले नाहीस, असे मी विचारले.

“मी सांगितलं तर बहाणा होतो, मामा. तुमी सांगा.”

मी कारखान्यात गेलो. अण्णा चार माग एकटे बघतात आणि कोणासाठी थांबवत नाहीत. त्या आवाजात मला माझी चूक ओरडून सांगावी लागली. पहिल्यांदा त्यांना ऐकू गेले नाही. दुसऱ्यांदा शेजारच्या तिघांनाही गेले. अण्णांनी एकेक करून चारही माग बंद केले.

“म्हंजे लागलं होतं?”

“लागलं होतं, अण्णा.”

“आन् तुमी सहा वर्षं माझ्यासंगट च्या पिला.”

मी हो म्हणालो. त्यांनी अंगावरचा कापूस झटकला आणि शिफ्ट अर्धी टाकून घरी निघाले. मी मागे चाललो. वाटेत ते माझ्याशी बोलले नाहीत. अजूनही बोलत नाहीत.

घरी पद्मा पिशवीची चेन ओढत होती. अण्णा तिच्यासमोर उभे राहिले. माफी मागायची त्यांना सवय नाही. ते म्हणाले, “कुटं लागलं होतं?”

तिने त्यांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला बोट ठेवले. “हितं, नान्ना.”

अण्णांनी हात मागे घेतला नाही. मी दारातूनच परत फिरलो.