सासूबाईंची चालती बस

माझ्या सासूबाई शहराच्या बसमध्ये कंडक्टर होत्या. वयाप्रमाणे त्या निवृत्त झाल्या, पण त्यांचा आवाज काही झाला नाही. स्वयंपाकघरात मी आणि नणंद एकमेकींना आडव्या आलो, की बाहेरून हुकूम सुटायचाच, "पुढे सरका, पुढे जागा आहे!"

माझी मुलगी तेव्हा तिसरीत, कोपऱ्यावरच्या सरकारी शाळेत. तिचे बाबाही तिथलेच. त्यांच्या वेळी एका बाकावर चौघं दाटीवाटीने बसायची म्हणे. मग शाळेसमोरून मोठा रस्ता गेला. त्यासाठी जुन्या इमारती पाडल्या आणि तिथली कुटुंबं रस्त्यापलीकडच्या नव्या उंच इमारतींत गेली. शाळा नजरेसमोर, पण मधे गाड्यांचा लोंढा. आया सकाळीच कामावर निघायच्या. मुलांना रस्ता ओलांडून देणार कोण? ज्यांची ऐपत होती त्यांनी मुलं लांबच्या खासगी शाळांत घातली. बाकीची घरीच राहू लागली.

एक दिवस मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पालकांना बोलावलं. "पट फार घसरलाय," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षापासून शाळा बंद. मुलं स्टेशनाजवळच्या शाळेत जातील." एवढं बोलून त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

घरी येऊन मी सांगितलं, तर हे म्हणाले, "वरून ठरलंय म्हटल्यावर आपण काय करणार?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. "बंद कशासाठी?"

"मुलं नाहीत म्हणून, आई," मी म्हणाले.

"मुलं नाहीत? अगं, पलीकडे दिवसभर जिन्यात धुडगूस घालत असतात ती कोण मग? थांब्यावर माणसं उभी असताना गाडी रिकामी धावली, तर प्रवासी नाहीत असं म्हणायचं का? गाडी थांबत नाही, असं म्हणतात त्याला!"

भाजी तशीच ठेवून त्या उठल्या आणि मला घेऊन पलीकडे गेल्या. दारोदार फिरलो. एका घरात एक बाई कामावर निघण्याच्या घाईत केस विंचरत होती. कंगवा तसाच केसांत ठेवून म्हणाली, "मावशी, शाळाच बंद होणार म्हणतात. आता घालून काय उपयोग?"

"तू घालत नाहीस म्हणून ती बंद होतेय, आणि ती बंद होतेय म्हणून तू घालत नाहीस. कुणीतरी आधी पाऊल उचलायला हवं ना? मी उचलते. दारातून नेईन, दारात आणून सोडीन."

पहिल्या सकाळी मिळाली जेमतेम पाच-सहा मुलं. सासूबाईंनी अंगात जुना गणवेशाचा कोट चढवला, कपडे वाळत घालायची दोरी घेतली आणि मुलांना ती धरायला लावली. हात वर करून त्या रस्त्यात उतरल्या. करकचून ब्रेक लागले. एक ट्रकवाला डोकं बाहेर काढून ओरडला, "आजी, मरायचंय का?"

"तुझ्या ट्रकखाली? त्याहून बरी जागा शोधेन मी!"

तो हसला आणि थांबून राहिला. सासूबाई म्हणाल्या, "टिंग टिंग!" मुलंही ओरडली, "टिंग टिंग!" आणि ती वरात शाळेत पोचली.

दोरी वाढत गेली. एकीला दुसरी जोडली, मग तिसरी. घरी वाळत घातलेले कपडे खुर्च्यांवर आले, पण कुणाची ब्र काढायची हिंमत नव्हती.

मग सासूबाईंचा गुडघा धरला. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं. संपलं सगळं, असं मला वाटलं. सकाळी मी पदर खोचून निघते तोच रस्त्यावरून आवाज आला, "टिंग टिंग!" गॅलरीतून पाहते तर ती कंगवावाली बाई! कामाची पाळी बदलून घेऊन आली होती, पुढे ती आणि मागे इमारतीचा वॉचमन. मी सासूबाईंना धरून खिडकीशी आणलं. त्या डोळे पुसून म्हणाल्या, "हात जरा अजून वर करायला हवा तिने."

वर्ष संपत आलं तेव्हा शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. भरलेले वर्ग बघून त्यांच्या कपाळाला आठ्या. "बाई, ही मुलं मोजणीपुरती गोळा केलेली नाहीत ना?"

मोठ्या बाई उत्तर देणार, तोच पहिलीतली पुढचे दात पडलेली एक मुलगी उभी राहिली. "शाहेब, आम्ही रोज येतो. तुम्हीच आज आलात."

साहेब हजेरीपट मिटून निघून गेले. पण पुढच्याच आठवड्यात, कुणाला न कळवता, सकाळी पलीकडच्या फुटपाथवर हजर! सासूबाईंचा गुडघा तोवर बरा झाला होता. त्यांनी साहेबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दोरीचं टोक त्यांच्या हातात दिलं. "रांगेत या. मधेच सोडायची नाही."

साहेब दोरी धरून, पोरांच्या मागे, मुकाट रस्ता ओलांडून आले. शाळेच्या फाटकाशी कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "बाई, ही शाळा बंद होत नाही. आणि इथे सिग्नल नाही, हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही?"

सुट्टी संपायच्या आत सिग्नल लागला. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी पहिलीच्या दोन तुकड्या कराव्या लागल्या. बाक कमी पडले, म्हणून पोरं सतरंजीवर बसली आणि त्यांना तीच मजा वाटली. मोठ्या बाई वर्गातून तडक बाहेर आल्या आणि भर पटांगणात, सगळ्या पोरांसमोर, त्यांनी सासूबाईंना मिठी मारली. ट्रकसमोर न डगमगलेली ती बाई चक्क लाजली.