बिल्ल्याची चिंबोरी

देशाच्या किनाऱ्यावरच्या समस्त चिंबोऱ्यांची काळजी एकट्याच्या डोक्यावर घेऊन हिंडणारा सरकारी माणूस मी एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो बायकोचा मामा निघाला. समुद्रात खेकडे आहेत किती आणि त्यातले किती पकडले तर पुढे वाट लागणार नाही, हे शोधायचं त्यांचं काम. मामा ते काम घरीही आणत. मुलुंडहून आमच्याकडे अंधेरीला जेवायला आले की पातेल्यावरचं झाकण उचलून आधी विचारत, "माद्या किती, नर किती?" आमच्या साखरपुड्यात मी बँकेतल्या नोकरीविषयी इंग्रजीतून बोलून छाप पाडत होतो. मामांनी मध्येच विचारलं, "ते राहू द्या. चिंबोरीतली मादी कशी ओळखाल?" मी म्हणालो, "चेहऱ्यावरून." सासरी अजून माझं नाव निघालं की आधी हसतात.

मामांचा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकला होता. त्यांनी वर्सोव्याच्या खाडीत कितीतरी चिंबोऱ्या तारेने पितळेचे बारीक बिल्ले बांधून सोडल्या होत्या. त्यातल्या किती पुन्हा जाळ्यात येतात, त्यावरून एकूण किती याचा अंदाज बांधायचा. चिंबोरी कात टाकते, तिच्याबरोबर बिल्लाही जाणार, असं म्हणून ऑफिसात लोक हसत. मामा निवृत्तीला टेकले तरी एकही परत आली नव्हती. "एक तरी येऊ दे रे देवा," असं ते भात कालवताना पुटपुटत, तेव्हा मला खरंच वाईट वाटे.

निवृत्तीच्या आधीच्या रविवारी मामा जेवायला यायचे होते आणि अमावास्या होती, म्हणजे चिंबोऱ्या मांसाने भरलेल्या असणार. शेजारपाजारचे नव्या रंगीत टीव्हीपुढे बसले होते आणि मी मर्दुमकी दाखवायला वर्सोव्याहून आणलेल्या चिंबोऱ्या साफ करत होतो. एकदा नांगीने अंगठा धरला तेव्हापासून हे काम मी डोळे मिटून करतो. "अहो, डोळे उघडा, बोटं जातील!" बायको ओरडली. हाताला तार लागली. कोळणीने दोरीऐवजी तारेने बांधली असेल असं समजून मी चिंबोरी तशीच मोडून पातेल्यात ढकलली.

जेवताना माझ्या दाताखाली कट्‌कन काहीतरी आलं. काढून पाहतो तर बिल्ला! मामांनी तो उष्टा बिल्ला माझ्या हातून घेतला, शर्टाला पुसला, आकडा वाचला आणि ओरडले, "आली! वजन किती होतं?"

निम्मं वजन माझ्या पोटात होतं. "मामा, माफ करा, मी..."

"माफी कसली, जावईबापू! सापडली ना!" मग त्यांनी हळूच विचारलं, "भरलेली होती का हो?"

"काठोकाठ, मामा. अंड्यांची केशरी लाख नुसती ओसंडत होती."

"सोडली तेव्हा अगदी पोकळ होती," मामा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. "सुखात होती म्हणायची."

एका चिंबोरीवरून किनाऱ्याचा अंदाज बांधता येत नाही, हे साहेबांनी त्यांना निरोपाचा हार घालता घालता सांगितलं. तरी शेवटच्या अहवालात मामांनी एक ओळ घातलीच, की परत मिळालेली चिंबोरी सुदृढ होती. आणि साक्षीदार म्हणून खाली माझं नाव. माझ्या खाण्याचा देशाला पुन्हा कधी एवढा उपयोग झाला नाही. मामा गेले. हल्ली अमावास्येला चिंबोऱ्या आणतो, चांगल्या भरलेल्या असतात, पण ते कळवायचं कोणाला?